फ्लेक्सवरचे डॉक्टर आणि प्रबंधाचा पुरस्कार

शहापूर-मुरबाडकडे कुणी पीएचडी झालं की नाक्यावर फ्लेक्स लागतो. विषय मानसशास्त्र असला की दुसऱ्याच दिवशी ओट्यावर कुणीतरी येऊन बसतं, ‘पोराला झोप लागत नाही, एखादी गोळी द्या की.’ वर संशोधनाचा पुरस्कार मिळाला असेल तर रांगच.

तर सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. पीएचडी ही संशोधनाची पदवी आहे. गोळ्या लिहून देतात मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर तो विषय शिकलेले डॉक्टर. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते आणि ती परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमावर होते, प्रबंधावर नाही. ओट्यावर आलेल्याला १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर द्यावा; मराठीतही बोलतात.

दुसरी गल्लत पैशांची. ‘महिन्याला ३७,००० चा पुरस्कार मिळाला’ असं गावात सांगितलं जातं, ती असते जेआरएफ, म्हणजे संशोधन करताना मिळणारी अधिछात्रवृत्ती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची वेगळी अधिछात्रवृत्ती आहे, वर्षाला ७५० जणांना. हे सगळं पेरणीला मिळतं. पुरस्कार भात झोडून झाल्यावर. त्याची रक्कम बहुधा किरकोळच.

‘आता वय झालं’ हेही नेहमीचं. ‘अर्ली करिअर’ म्हणजे कोवळं वय नव्हे. वयाची अट घालणारे पुरस्कार आहेत, पण अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन १९७४ पासून देत असलेल्या अशा पुरस्कारात वर्षं मोजतात ती पीएचडी मिळाल्यापासूनची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत स्त्रियांना प्रबंधासाठी सवलतींसह दहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. घर, शाळेची नोकरी सांभाळून पंचेचाळिशीत पदवी घेणारी बाईसुद्धा तिथे नवखीच.

आणि विषय? ‘पाड्यावरच्या अभ्यासाला बाहेर कोण विचारतं?’ इथे मात्र मला थोडं थांबायचंय. आंतरसांस्कृतिक मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना दर दोन वर्षांनी अधिवेशनात हॅरी आणि पोला ट्रायान्डिस यांच्या नावाने प्रबंधाला पुरस्कार देते. या संघटनेला हवं असतं ते हेच: माणसाचं मन एका समाजात एक आणि दुसऱ्यात निराळं कसं चालतं.

साधं उदाहरण. उदासीनतेच्या प्रश्नावलीत विचारतात, ‘गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस निराश वाटलं?’ पाड्यावरची बाई म्हणते, ‘निराश म्हंजे? जीव लागत नाही, तसं?’ झालं. आता ‘जीव लागत नाही’ हे त्याच दुखण्याचं नाव की वेगळ्याचं, हे तपासल्याशिवाय एकही आकडा खरा नाही. प्रश्नावलीचं नुसतं मराठी भाषांतर पुरत नाही. दुसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत करवून ताडून बघावं लागतं. त्यात पाड्यावरची कातकरी आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात भेटलेली मुलं माघात दुसऱ्या फेरीला जावं तर पाड्यावर नाहीत, भट्टीवर शोधा. या अडचणी प्रबंधाच्या शेवटी ‘मर्यादा’ म्हणून दोन ओळींत उरकतात. माझ्या मते त्यांच्यातून वाट कशी काढली, ते सांगणारं प्रकरणच परीक्षकांना दाखवण्याजोगं.

इंग्रजीचा धसका घेणाऱ्यांसाठी: मुलाखती मराठीत, कातकरी बोलीत असल्या तरी बिघडत नाही, पण या पुरस्काराच्या अर्जाला प्रबंधाचा सारांश इंग्रजीत लागतो.

शेवटी कामाची गोष्ट. ट्रायान्डिस पुरस्काराला अधिवेशनाच्या आधीच्या दोन कॅलेंडर वर्षांत पुरे झालेले प्रबंधच चालतात, आणि पुरा कधी झाला हे विद्यापीठाच्या हिशेबाने ठरतं. म्हणून व्हायव्हा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, झाल्यावर फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी विद्यापीठाचं पदवीच्या अधिसूचनेचं पत्र हातात घ्यावं आणि त्यावरची तारीख वाचावी.