काठीवरची टोपी

स्वित्झर्लंडच्या विल्यम टेलची गोष्ट म्हटली कीं मुलाच्या डोक्यावरचें सफरचंद आठवतें. मला त्या गोष्टींत टोपी अधिक महत्त्वाची वाटते. गेस्लर नांवाच्या अधिकाऱ्यानें आल्टडॉर्फ गांवांत काठीवर आपली टोपी टांगली व येणाऱ्याजाणाऱ्यानें तिला मुजरा करावा, असा हुकूम सोडला. टेलनें मान लवविली नाहीं. म्हणून आपल्याच मुलाच्या डोक्यावरील सफरचंद बाणानें उडविण्याचा प्रसंग त्याच्यावर आला.

हा इतिहास नव्हे, लोककथा. ती लिहिलेली आढळते १४७० च्या सुमारास, सार्नेनच्या 'पांढऱ्या पुस्तकां'त. पण १२०० च्या सुमारास सॅक्सो या डॅनिश ग्रंथकारानें तोको नांवाच्या तिरंदाजाची अशीच हकीकत नोंदविली आहे. तेथें टोपी नाहीं; तोको आपल्या नेमाची बढाई मारतो व राजा ती कसोटीस लावतो, इतकेंच. सफरचंद जुनें, टोपीची भर मागाहूनची. समोरच्या राजाला भिऊन वांकणें निराळें आणि रिकाम्या टोपीपुढें वांकणें निराळें, हें त्या डोंगरी शेतकऱ्यांनीं नेमकें हेरलें. (छडी टेबलावर ठेवून वर्गाबाहेर जाणाऱ्या मास्तरांसही हा प्रयोग ठाऊक आहे!)

मुलगा मात्र बापाच्या शब्दाखातर निश्चल उभा राहतो. तेंही आज्ञापालनच, पण तसें आज्ञापालन गेस्लरला साऱ्या शिपायांच्या बळावरही मिळालें नसतें. आल्टडॉर्फच्या चौकांत १८९५ सालीं उभारलेल्या किसलिंगच्या पुतळ्यांत टेल नेम धरीत नाहीं. धनुष्य खांद्यावर आहे, आणि दुसरा हात मुलाच्या खांद्यावर.