सिकतामय, तरीही जलमय भूमी

औषधिसंग्रहाची भूमी सांगताना सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ३६व्या अध्यायात वाळूने दूषित भूमी वर्ज्य मानली आहे. वाळूत पाणी टिकत नाही, असेच आपण सामान्यतः समजतो. तथापि जायफळाच्या कुळातील वृक्षांच्या दलदलयुक्त वनांत वालुकामय गाळावरही पाणी साचलेले आढळते. सखल दरी व उथळ भूजल ही त्याची कारणे होत. कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. पालापाचोळा मंदगतीने कुजून वरचा थर काळसर होतो. येथील काही वृक्ष श्वसनासाठी गुडघ्याच्या आकाराची मुळे वर काढतात.

सिंधुदुर्गातील बांबर्डे येथील असे वन २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर. चर खणून निचरा केल्यास या वनाचा आधारच नाहीसा होईल.

आम्हां घाटकोपरच्या वैद्यांचा या भूमीशी संबंध दूरचा नाही. बाजारात जायपत्रीच्या जागी याच कुळातील वन्य रामपत्री येते. म्हणून द्रव्याची परीक्षा करताना ते कोणत्या भूमीतून आले, हेही विक्रेत्यास अवश्य विचारावे, असे आम्हांस वाटते.