तूर इथली, तूर तिथली

बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. गावाजवळ पाझर तलावाचे काम निघाले होते आणि शाळा बुडवून मीही आई-वडिलांबरोबर माती वाहायला जात असे. दुपारी पोरांना सुकडी मिळे, तिच्यासाठी आम्ही सकाळपासून रांगेतली जागा धरून ठेवत असू. रात्री घरी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. थापताना ती चिरायची. आजी तिला ‘वाळूची भाकर’ म्हणायची, पण पहिला तुकडा देवापुढे ठेवल्याशिवाय स्वतः खायची नाही. शेतीतले परदेशाशी सहकार्य म्हणजे काय, याची माझी पहिली ओळख ही अशी, जिभेवरची.

पुढे बँकेत लागलो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती; वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे ‘प्रशिक्षण व भेट’ योजनेचा मोठा बोलबाला होता. ती आखली डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाने, तिच्यामागे पैसा जागतिक बँकेचा, आणि तिचा भार वाहायचा मोपेडवरच्या कृषी सहायकाने. पंधरवड्याला ठरल्या दिवशी ठरल्या गावी जायचे, असा नियम होता. गावाला मात्र तो माणूस आठवायचा तो त्याने आणलेल्या बियाण्याच्या पिशवीमुळे, वेळापत्रकामुळे नाही.

औंढ्याजवळच्या सिद्धेश्वर धरणावर भोई मंडळींच्या जाळ्यांसाठी आणि होड्यांसाठी आम्ही कर्जे दिली होती. एकदा वसुलीला गेलो, तर टोपलीत रोहू, कटला यांच्याबरोबर जाड खवल्यांचा, ओठाशी मिशा असलेला मासा होता. हा सायप्रिनस. १९५७ साली बँकॉकहून त्याची एक जात कटकच्या संशोधन केंद्रात आणली गेली, तिथून तो देशभरच्या तळ्यांत पोचला. रोहू-कटल्याला अंडी घालायला वाहते पाणी लागते; याचे तसे नाही, साचलेल्या तळ्यातही तो वाढतो आणि विणतोही. गंमत अशी की त्याच वर्षी हिरालाल चौधरी यांनी ओरिसातल्या अंगुल येथे माशांना पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन आपल्या देशी माशांची तळ्यात वीण करून दाखवली. या युक्तीचे आधीचे प्रयोग ब्राझीलमध्ये झालेले. म्हणजे मासा थायलंडचा, युक्तीची सुरुवात दक्षिण अमेरिकेत, आणि पोट भरले औंढ्याच्या भोयाचे. मी हे सगळे त्या म्हाताऱ्या भोईबाबांना मोठ्या हौसेने सांगितले. ते म्हणाले, “बँकॉकचा असंल सायेब. पन पोटाला लागतो ना, मंग आपलाच की.” हप्ता मात्र त्यांनी पुढच्या महिन्यात भरला.

हे सहकार्य सोपे होते. द्यायचे ते दिले, घ्यायचे ते घेतले, कुणाचे काही हिरावले गेले नाही. तुरीचे तसे झाले नाही आणि आज खरे म्हणजे मला तुरीचेच सांगायचे आहे.

२०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती, ते वाचकांतल्या गृहिणींना आठवत असेलच. लागोपाठ दोन वर्षे पाऊस दगा देऊन गेला होता. २०१६ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले. त्याचे एक रंगीत भित्तिपत्रक मी स्वतः शाखेच्या दारात लावले आणि कर्जाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटलो, “यंदा तूर वाढवा.” कुंपणाशेजारच्या शेजाऱ्यासारख्या ओळखीचे एक मामा होते, सहा एकरांचे धनी. दरवर्षी सोयाबीनची चार तासे आणि तुरीची दोन, असा त्यांचा पेरा. माझ्या सांगण्यावरून त्यांनी तुरीची तासे वाढवली.

त्याच जुलैत, आमच्याकडे पेरण्या चालू असताना, पंतप्रधान मोझांबिकची राजधानी मापुतो येथे होते. तिथे तुरीचा करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन तूर तिकडून घ्यायची आणि २०२०-२१पर्यंत ती दोन लाख टनांवर न्यायची. मोझांबिकमध्ये तुरीला पोर्तुगीजमधून आलेले ‘फेजाव बोएर’ हे नाव आहे. पीक मूळचे आपल्याकडचे, शेकडो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेलेले. तिकडचा शेतकरीही लहानच, मक्यामध्ये तूर टाकणारा. पण तो ती मुख्यतः विकण्यासाठी पिकवतो आणि गिऱ्हाईक एकच, भारत. करार चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. दोनशे रुपयांची डाळ बघितलेल्या सरकारने दुसरे काय करायचे? पण आयुष्यभर कर्जाचे कागद तपासलेल्या माणसाची एक खोड असते. तो आधी जामीनदाराचे नाव शोधतो. या कागदावर घेणारा होता, देणारा होता. दोन्हीकडच्या पिकवणाऱ्याला जामीन कोण, तो रकाना कोराच होता.

पाऊस झाला. छान झाला. देशात आदल्या वर्षी पंचवीस-सव्वीस लाख टन तूर झाली होती, ती २०१६-१७ मध्ये अठ्ठेचाळीस लाखांच्या घरात गेली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये. मोंढ्यात मात्र चार हजारांच्या खाली बोली. मामांनी खरेदी केंद्रावर नंबर लावला. बारदाना संपला. आला, पुन्हा संपला. ट्रॅक्टरखाली झोपून त्यांनी अकरा रात्री काढल्या. इकडे माझ्या टेबलावर ३१ मार्च येऊन बसला होता. नवे-जुने केले नाही तर त्यांचे खाते थकीत. शेवटी त्यांनी बावीस क्विंटल तूर व्यापाऱ्याला ३,९०० रुपयांनी घातली. तोटा पंचवीस हजार तीनशे. आकडा मीच काढला, त्यांच्यासमोर, सवयीने. काढायला नको होता.

“सायेब, तुमीच म्हनले व्हते, तूर लावा.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. त्यांनी पैसे भरले, पावती घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि दाराकडे जाताना त्या भित्तिपत्रकाजवळ क्षणभर थांबले. ते गेल्यावर मी ते काढून टाकले.

त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. करारातली तूर त्यातून वगळली होती, तरी मोझांबिकमध्ये तुरीचा भाव कोसळला. भारत घेणार म्हणून तिकडच्यांनी पेरा वाढवला होता, थेट आमच्या मामांसारखाच. त्यांनाही कुणी तरी ‘लावा’ म्हणून सांगितले असणार. त्यांच्याही गावात माझ्यासारखा एखादा असेल. पुढे २०२१ मध्ये करार आणखी पाच वर्षांसाठी वाढला, वर्षाला दोन लाख टन; मलावी आणि म्यानमारशीही तसे करार झाले.

निवृत्तीनंतर एका डिसेंबरात मामांकडे गेलो होतो. मामींनी तुरीच्या सोल्यांची आमटी केली होती, वर कच्च्या तेलाची धार. जेवताना मी मोझांबिकची हकीकत सांगितली. मामांनी घास खाली ठेवला.

“मंग त्येच्या तुरीला किती भाव भेटला?”

“पडला की हो. तुमच्यापेक्षाही खाली गेला म्हणतात.”

“त्येच्याकडं बी बँक असंल?”

मला उत्तर आले नाही. मामी चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी तुराट्यांची एक मोळी सोडली, दोन तुराट्या मोडून चुलीत सारल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.