स्पर्शाने उघडणारे कुलूप

बेळगाव, विजापूर किंवा सोलापूरहून उच्च शिक्षणासाठी बेंगळूरुला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या सामानात एक कुलूप हमखास असते. वसतिगृहात कपाट मिळते; कुलूप बहुधा ज्याचे त्यानेच आणावयाचे असते. डोळस विद्यार्थ्याला या खरेदीत विचार करण्याजोगे काही वाटत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याची प्रमाणपत्रे, पैसे, ब्रेल पाटी, लॅपटॉप हे सारे त्याच कपाटात असते. ते उघडण्यासाठी रोज सहनिवासी मित्राला हाक मारावी लागली, तर कुलपाचे आकडे गुपित ते कसले राहणार?

श्री रमण महर्षी अंध विद्यालय (१९६९) आणि ‘समर्थनम्’ (१९९७) यांसारख्या संस्थांमुळे दृष्टिबाधितांच्या शिक्षणाशी या शहराचे नाते जुने आहे. कुलपासारख्या क्षुल्लक वस्तूकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

वास्तविक आपले साधे किल्लीचे कुलूप पुष्कळच सोयीचे. डाव्या अंगठ्याने छिद्र चाचपावे, उजव्या हाताने किल्ली सरकवावी. कोणत्याही बाजूने घातली तरी चालणारी किल्ली असल्यास उत्तमच. जुडग्यातील किल्ल्या ओळखण्यासाठी एकीला दोऱ्याची गाठ, दुसरीला रबराचे टोपण एवढे पुरते. ज्यांना अंधुक दिसते, त्यांनी छिद्राभोवती पिवळी चिकटपट्टी लावावी. काळ्या कुलपावर ती चटकन उठून दिसते.

खरी अडचण आकडी कुलपांची. अमेरिकी शाळांत रूढ असलेल्या गोल तबकडीच्या कुलपावर चाळीस बारीक रेषा असतात. त्या दृष्टीवाचून जुळविणे जवळजवळ अशक्यच. आपल्याकडील प्रवासी पेट्यांना असते तसे चक्रांचे कुलूप त्या मानाने बरे, मात्र प्रत्येक घराला स्पष्ट ‘टक्’ जाणवले पाहिजे. प्रत्येक चक्राच्या शून्यावर कानशीने खाच पाडून घ्यावी आणि तेथून घरे मोजावीत. बंद करताना चक्रे नेहमी तेवढीच घरे फिरविण्याची सवय मात्र घातक. पाहणाऱ्याच्या ती लगेच ध्यानात येते. खाच शून्यावर असल्याने ती कुणी पाहिली तरी खरे आकडे उघड होत नाहीत.

‘मास्टर लॉक’ या अमेरिकी कंपनीने याहून सुटसुटीत तोड काढली. तिच्या एका कुलपावर आकड्यांऐवजी एकच सरकती कळ असते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असा ठरविलेला क्रम दिला की ते उघडते. चूक झाल्यास कडी दोनदा दाबून पुन्हा आरंभ करता येतो. उलट, काचेसारख्या सपाट पृष्ठभागाची नवी इलेक्ट्रॉनिक कुलपे दिसायला देखणी, पण बोटांना मुकी. तेथे बोलका प्रतिसाद किंवा बोटाचा ठसा यांची सोय आहे ना, हे खरेदीपूर्वीच पाहावे. उंचवट्याची बटणे असल्यास ‘५’ वरील ठिपका शोधून बाकीचे आकडे मोजता येतात. एटीएमवरही हाच ठिपका मार्गदर्शक ठरतो.

एटीएमचा विषय निघालाच आहे, तर बँकेच्या लॉकरविषयीही सांगावयास हवे. दृष्टिहीन ग्राहकांना धनादेश पुस्तिका, एटीएम आणि लॉकर यांसह सर्व सुविधा भेदभाव न करता द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने जून २००८ च्या परिपत्रकाद्वारे सर्व बँकांना कळविले. लॉकर ग्राहकाची व बँकेची अशा दोन किल्ल्यांनी उघडतो. त्यातील आपली किल्ली स्पर्शाने ओळखता यावी म्हणून तिला वेगळ्या आकाराचा बिल्ला अडकवावा. त्यावर बँकेचे नाव किंवा लॉकरचा क्रमांक मात्र लिहू नये, ब्रेलमध्येसुद्धा!