नवा संगणक घरी आला; आता विचारावे कोणाला?

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या संगणकाच्या जागी नवा आला. मुले पुण्यास, बंगळुरूस किंवा परदेशी; घरी पती-पत्नी आणि हे नवे यंत्र, अशी बहुतेकांची स्थिती आहे. यंत्र अडले की मदत कोणाची घ्यावी, असे मला वारंवार विचारले जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

खरेदी करतानाच दुकानदारास एक प्रश्न स्पष्ट विचारावा. वॉरंटीत तंत्रज्ञ घरी येणार, की यंत्र घेऊन आपण सेवा केंद्रात जायचे? आदिलाबादहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर. नागपूर त्याहून बरेच जवळ, पण दुसऱ्या राज्यात. तेथील केंद्रात आपले यंत्र स्वीकारले जाईल का, हे आधीच जाणून घ्यावे. बिलाचे आणि यंत्रावरील अनुक्रमांकाचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे. विक्रेता वा कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

तंत्रज्ञाशी बोलताना आपण डॉक्टर मंडळी आपली शिस्त कशी विसरतो, याचे मला नवल वाटते. ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगणाऱ्या रुग्णास आपण दहा प्रश्न विचारतो आणि स्वतः मात्र ‘कॉम्प्युटर चालत नाही’ म्हणून फोन ठेवतो. तक्रार केव्हापासून आहे, त्याआधी कोणता प्रोग्राम टाकला, पडद्यावर नेमकी कोणती अक्षरे उमटली, हे सांगितल्यास निम्मे निदान फोनवरच होते. संदेशाचा मोबाइलने फोटो काढावा. तंत्रज्ञ तेलुगूभाषक असला, तरी फोटोला भाषांतर लागत नाही.

मुलांची मदत दुरूनही घेता येते. विंडोजमध्ये क्विक असिस्ट नावाची सोय आहे. मुलगा किंवा मुलगी आपल्या संगणकावरून एक संकेतांक देते. तो आपण आपल्या यंत्रात भरून अनुमती दिली की आपला पडदा त्यांना दिसतो आणि वेगळी संमती दिल्यास तो त्यांना चालवताही येतो.

नेमक्या याच सोयीचा वापर भामटेही करतात. पडद्यावर अकस्मात मोठा इशारा झळकतो: ‘आपल्या संगणकात व्हायरस शिरला आहे, त्वरित या क्रमांकावर फोन करा.’ पलीकडील गृहस्थ अत्यंत अदबीने बोलतो, एक प्रोग्राम उतरवून घ्यायला लावतो आणि मग बँकेचे पान उघडण्यास सांगतो. अशा दूरनियंत्रक अॅपविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. खरी कंपनी अशा इशाऱ्यात फोन क्रमांक देत नाही. मदतीचा फोन आपण लावलेला असावा, तोही बिलावरील किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर. पैसे गेलेच, तर संकोच न करता तत्काळ बँकेस आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसानही कळविल्याक्षणापर्यंतच त्याच्या माथी ठेवले होते. त्यापुढील बँकेने सोसायचे. लाजेपोटी घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो, तो यामुळेच.

घरच्या यंत्रावर रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तेथील नोंदणी व इतर कामे हाताने करावी लागली. आपल्यापाशी एम्सएवढे मनुष्यबळ नाही. आठवड्यातून एकदा सर्व नोंदी बाहेरील हार्ड डिस्कवर उतरवाव्यात आणि नंतर ती डिस्क यंत्रापासून काढून ठेवावी. जोडलेलीच राहिली, तर हल्ल्यात तीही सापडते. यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी रुग्णांच्या फाइली त्यातून हलवाव्यात. दुकानातील मुलगा कितीही ओळखीचा असो, त्या नोंदी त्याच्यासाठी नाहीत.

जाता जाता एक सूचना. नव्या विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कळफलक आहे. सेटिंग्जमधील भाषेच्या विभागात जाऊन तो एकदा जोडला की रोमन अक्षरे दाबून देवनागरी लिहिता येते. लेखन युनिकोडमध्ये होते, त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रावर अक्षरांची चित्रविचित्र चिन्हे होत नाहीत. जुन्या फाँटमधील लेख पुन्हा टंकित करणाऱ्या आपल्या संपादकांचे कष्टही त्यामुळे वाचतील.