कोजागिरीची रात्र आणि चौसाळ्याचा ओढा

प्रवासाची हौस आपल्या घरांतून अलीकडे फार वाढली आहे. पूर्वीं माणसें घराबाहेर पडत तीं कुलदैवताला, लग्नकार्याला किंवा फार तर काशीयात्रेला. आणि निघतांना मागें राहणारांचा निरोप असा घेत, कीं पुन्हा भेट होईल न होईल. ही भीति अगदींच अनाठायीं नव्हती. कुलाबा (आतांचा रायगड) जिल्ह्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 सालीं दक्षिणेच्या आशेनें चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्य यांनीं 1907 सालीं छापून काढला, तो पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल.

आतां दाराशीं मोटार उभी असते, रस्ते रुंद झाले आहेत आणि तंबूही बाजारांत तयार मिळतो. त्यामुळें प्रवास म्हणजे संकट ही समजूत मागें पडली, तें ठीकच झालें. परंतु तिच्याबरोबर चार ठिकाणीं चौकशी करून पाऊल टाकण्याची संवयही मागें पडली, तें मात्र ठीक झालें नाहीं. हें आम्ही दुसऱ्यास उपदेश करण्याच्या हेतूनें लिहीत नाहीं. 2022 सालच्या कोजागिरीस आमच्याच कुटुंबावर जो प्रसंग गुदरला, तो सांगतों. आपली फजिती आपणच सांगण्यास संकोच वाटतो खरा. पण ती लपविण्यांत दुसऱ्या कोणाचा घात होऊं नये, एवढ्यासाठीं लेखणी हातीं घेतली आहे.

आम्ही एकंदर अकरा जण होतों: पंचाहत्तरी ओलांडलेली आई, थोरले बंधु व वहिनी, आम्ही उभयतां, धाकटे बंधु व त्यांची सौभाग्यवती, आणि चार मुलें. मुलांत सर्वांत मोठा पुतण्या महाविद्यालयांत शिकणारा, आणि सर्वांत धाकटी पुतणी अवघी सहा वर्षांची. शनिवारीं पहांटे दोन मोटारींनीं पुण्याहून निघून अहिल्यानगर, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज असे आम्ही अंबाजोगाईस पोंचलों. वाटेंत सौताड्याचा धबधबा पाहिला. त्या वर्षीं पाऊस दसरा उलटला तरी हटत नव्हता, आणि धबधबा भरून कोसळत होता. पुष्कळ कोंकणस्थ घराण्यांप्रमाणें आमचीही कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी. रविवारीं सकाळीं तिची ओटी भरली, 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांच्या समाधीचें दर्शन घेतलें, आणि तुळजापुराकडे निघालों.

त्या दिवशीं अश्विन पौर्णिमा होती. दसऱ्याचें सीमोल्लंघन झाल्यावर तुळजाभवानी श्रमनिद्रा घेते, ती ह्याच पौर्णिमेस संपते. त्या दिवशीं लांबलांबून पायीं आलेल्या यात्रेकरूंनीं तुळजापूर फुलून गेलेलें असतें. आईला त्या गर्दीत नेणें अवघड. म्हणून ती रात्र वाटेंत काढून दुसऱ्या दिवशीं दर्शन घ्यावें, असें ठरलें. मग धर्मशाळा किंवा खाणावळ शोधण्यापेक्षां कोजागिरी उघड्या माळावर, चांदण्यांतच कां साजरी करूं नये, ही कल्पना धाकट्या बंधूंनीं काढली. तंबू त्यांनीं पुण्याहूनच बरोबर घेतले होते. मुलांनीं ती उचलून धरली आणि थोरल्या बंधूंनीं मान डोलावली.

चौसाळा हें बीड तालुक्यांतील मोठें गांव, सोलापूर-धुळें राष्ट्रीय महामार्गावरचें. विधानसभेचा एक मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेपर्यंत ह्याच गांवाच्या नांवानें ओळखला जाई. भोंवतीं बालाघाटाचें पठार पसरलेलें आहे: उघडे माळ, मधूनमधून काळ्या जमिनीचे पट्टे, आणि त्यांतून दक्षिणेस मांजरेकडे धांवणारे लहानमोठे ओढे. आम्ही गेलों तेव्हां सोयाबीनची काढणी चालू होती, तूर डोक्याएवढी वाढली होती, आणि सगळीकडे इतकें हिरवें होतें, कीं ह्याच मुलखाला दुष्काळी म्हणतात, हें मुलांना खरें वाटेना.

हमरस्ता सोडून दोनअडीच किलोमीटर आंत गेल्यावर एका ओढ्याच्या कांठीं सपाट, वाळूची, मऊ गवताची जागा दिसली. ओढ्यांत घोट्याएवढें नितळ पाणी वाहत होतें. जागा दृष्ट लागण्यासारखी होती. मोटारी खालीं उतरविल्या आणि तंबूंच्या खुंट्या ठोकावयास सुरुवात झाली. इतक्यांत शेळ्या घेऊन परतणारा एक वृद्ध शेतकरी कांठावर थांबला.

"मालक, हितं नका थांबू," तो म्हणाला. "वरी डोंगराकडं लई काळं आलंय. ह्यो वढा भरवशाचा न्हाई. पल्याड बांधावर माजा आखाडा हाय, तितं टाका तंबू."

थोरल्या बंधूंनीं वर पाहिलें. आमच्या डोक्यावर आकाश निरभ्र होतें. पश्चिमेस मात्र क्षितिजापाशीं वीज अधूनमधून चमके. इतकी दूर, कीं आवाजही येत नव्हता. "बाबा, तो पाऊस कुठला कुठें पडतो आहे," ते म्हणाले. म्हातारा क्षणभर थांबला, आणि शेळ्या हांकीत निघून गेला.

तो गेल्यावर वहिनींनीं एका बाभळीकडे बोट दाखविलें. तिच्या फांद्यांत कमरेच्या उंचीवर वाळकें गवत आणि काटक्या गुंतून बसल्या होत्या. वहिनींचें माहेर नदीकांठचें. "अहो, पाणी येथवर येतें असें दिसतें," त्या हलकेच म्हणाल्या. बंधु हंसले. "ह्या मुलखांत पूर? 2016 सालीं खालच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तें विसरलीस काय?" सगळे हंसले, आणि त्यांत आम्हीही होतों. वहिनी पुन्हा बोलल्या नाहींत. दूध आटवावयास बसल्या.

रात्र मोठी सुखाची गेली, म्हणजे अकरा वाजेपर्यंत. चंद्र माथ्यावर आला. केशर, चारोळी, जायफळ घातलेल्या दुधाचा नैवेद्य झाला, भेंड्या झाल्या. धाकटी पुतणी पेंगूं लागली, तेव्हां दंव लागूं नये म्हणून तिला मोटारींत, मागच्या बैठकीवर निजविलें. ती मोटार ओढ्याच्या सर्वांत जवळ उभी होती, हें त्या वेळीं कोणाच्या मनांतही आलें नाहीं.

'को जागर्ति', कोण जागें आहे, असें विचारीत लक्ष्मी ह्या रात्रीं फिरते, अशी आपल्याकडील श्रद्धा. आमच्यांत जागी होती ती एकटी आई. तंबूच्या दाराशीं घडीच्या खुर्चीवर ती जप करीत बसली होती. बाराच्या सुमारास तिनें हांक मारली, "अरे, ओढ्याचा आवाज बदलला आहे. आणि बेडूक गप्प झालेत." आम्ही डोळे चोळीत बाहेर आलों. चांदणें तसेंच होतें, आमच्यावर पावसाचा थेंब नव्हता. परंतु ओल्या मातीचा उग्र वास सुटला होता, आणि वरच्या बाजूनें घरघर ऐकूं येत होती. बॅटरीच्या उजेडांत पाहिलें तों मघांचें नितळ पाणी गढूळ झालेलें, त्यावर पालापाचोळा आणि फेंस.

पुढचीं दहा मिनिटें आम्ही जन्मभर विसरणार नाहीं. पाणी पायरीपायरीनें चढलें नाहीं. लोंढ्यामागून लोंढा आला. पहिला घोट्यापर्यंत, दुसरा गुडघ्यापर्यंत. एक तंबू आमच्या देखत वाहून गेला. थोरल्या बंधूंनीं आईला पाठुंगळीस घेऊन कांठ गांठला. आम्हीं हाताला लागलें तें मूल ओढलें. वर येऊन माणसें मोजलीं, तों दहाच भरलीं.

"मोटारींत!" वहिनी किंचाळल्या. पुतण्या आणि धाकटे बंधु तंबूची दोरी कमरेस बांधून उतरले. दुसरें टोंक आम्हीं एका झाडास वेढा देऊन धरलें. पाणी मोटारीच्या दारांना लागलें होतें आणि तिची मागची बाजू हलूं लागली होती. पाण्याच्या बाजूचें दार उघडेना. कांठाच्या बाजूचें मोठ्या नेटानें उघडलें. मुलगी गाढ झोपेंत होती. ती जागी झाली ती चुलत्यांच्या खांद्यावर. तिला वर घेऊन पांच मिनिटें झालीं नसतील, तोंच ती मोटार जागची उचलली जाऊन शेंपन्नास पावलांवर दुसऱ्या एका बाभळीस अडकली. दुसरी मोटार उंचावर होती, पण काळ्या चिखलांत आंसापर्यंत रुतून बसली.

कांठावर दिवा दिसला. तोच म्हातारा दोन मुलग्यांसह आला होता. त्यानें एका शब्दानेंही मागचें काढलें नाहीं. "चला," एवढेंच म्हणाला. त्याच्या आखाड्यावर त्याच्या सुनेनें कडब्याचा जाळ करून मुलांना शेकलें, गोधड्या दिल्या, गुळाचा चहा केला. आमच्या आईचें सोंवळें आम्हां मुलांनाही कधीं शिथिल झालेलें आठवत नाहीं. तिनें तो पेला दोन्ही हातांनीं धरून चहा घेतला आणि त्या माउलीच्या पाठीवरून हात फिरविला. सकाळीं मुलग्यांनीं ट्रॅक्टर आणून दोन्ही मोटारी ओढून काढल्या. थोरले बंधु पैसे देऊं लागले, तेव्हां म्हातारा म्हणाला, "पैशे कशाचे? लेकरं वांचली, झालं." बंधूंनीं वांकून त्याच्या पायांस हात लावला. आम्ही त्यांना असें करतांना घराबाहेर प्रथमच पाहिलें.

आतां असें कां झालें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. बालाघाटाच्या माथ्यावर काळ्या कातळावर मातीचा थर पातळ आहे, झाडीही विरळ. पावसाळ्याच्या अखेरीस ती माती आधींच पाण्यानें तुडुंब असते. अशा वेळीं परतीच्या पावसाची एक जोराची सर वरच्या खोऱ्यांत कोसळली, कीं पाणी मुरत नाहीं, सरळ ओढ्यांत उतरतें, आणि घटका-दोन घटकांनीं कित्येक किलोमीटर खालीं चांदण्यांत निजलेल्यांच्या अंगावर येतें. दुष्काळी मुलूख म्हणजे पूर नसलेला मुलूख, हा समज चुकीचा आहे. जेथें पाऊस थोड्या दिवसांतच पडून जातो, तेथील ओढे अधिकच लहरी असतात.

म्हणून उघड्यावर मुक्काम करणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. ओढ्याचें पात्र व त्यालगतची वाळूची सपाटी ही पाण्याचीच जागा असते. झाडांत अडकलेल्या काटक्या, खडकावरील गाळाची रेघ ह्या पुराच्या खुणा वाचाव्या आणि त्यांहून बऱ्याच वर बिऱ्हाड करावें. वेगानें वाहणारें 15 सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसास पाडूं शकतें. 30 सेंटिमीटरांत लहान मोटार तरंगूं लागते, आणि 60 सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेतें. तेव्हां सामानासाठीं वा मोटारीसाठीं पाण्यांत शिरूं नये. मोटार नेहमीं उंचावर, रस्त्याकडे तोंड करून ठेवावी आणि तींत मूल एकटें निजवूं नये. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंतचे सेकंद मोजावे. तीन सेकंदांस एक किलोमीटर असा हिशेब. तीसांच्या आंत आवाज आला, कीं पक्क्या घराचा किंवा बंद मोटारीचा आसरा घ्यावा, झाडाचा नव्हे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें काढलेलें 'दामिनी' हें साधन आपल्या मोबाइलवर विजेची सूचना देतें. संकटांत 112 हा क्रमांक सर्वांस पाठ असावा. आणि ह्या सर्वांच्या आधीं, त्या गांवच्या माणसाचें ऐकावें.

परंतु आमच्या चुकीचें मूळ ह्यांपैकीं कशांतच नव्हतें. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तुळजापुरीं दर्शन घेऊन बसलों असतां थोरल्या बंधूंनीं सर्वांदेखत म्हटलें, "चूक माझी झाली." मग वहिनींना विचारलें, "तूं पुन्हा कां बोलली नाहींस?" त्या शांतपणें म्हणाल्या, "एकदां सांगितलें. दुसऱ्यांदां सांगितलें असतें, तर मीं सर्वांचा विरस केला असें झालें असतें. आणि पाणी आलें नसतें, तर वर्षभर माझीच थट्टा झाली असती."

ह्यावर आम्हां कोणापाशीं उत्तर नव्हतें. बाभूळ आम्हींही पाहिली होती. वडील बंधूंपुढें बोलूं नये, ही मर्यादा. सर्वांच्या आनंदांत मोडता घालूं नये, हें सौजन्य. एकत्र कुटुंबाचे हे दोन्ही गुण आहेत, आणि त्यांच्याच आड राहून आम्ही दहाहि जण गप्प बसलों. ज्या घरांत शंका बोलून दाखविणारास हंसें सोसावें लागतें, त्या घरांत शहाणपण असूनही उपयोगी पडत नाहीं.

तेव्हांपासून आमच्या घरीं एक नियम झाला आहे. प्रवासांत मुक्काम, पाणी, रात्रींची वाट ह्यांविषयीं लहानथोर कोणीही एकानें 'नको' म्हटलें, कीं तें सर्वांनीं मानावयाचें, आणि मागाहून त्याची थट्टा करावयाची नाहीं. ह्या नियमामुळें एकदोनदां चांगल्या जागा हुकल्या, एकदां उगाच वीस किलोमीटर फेरा पडला. त्याचें कोणास वाईट वाटलें नाहीं. निघण्यापूर्वीं थोरले बंधु आतां स्वतःच वहिनींकडे वळून विचारतात, "तुला कसें वाटतें?" आणि उत्तर येईपर्यंत मोटार सुरू करीत नाहींत.