देवराई आणि पुण्याचे दोन अभ्यासक

काल स्वारगेटला वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या आजींच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला नारळ. म्हणाल्या, "देवाच्या रानातली काटकीसुद्धा आम्ही चुलीत घालत नाही."

१९७०च्या दशकात आताच्या आघारकर संस्थेतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि हार्वर्डहून परतलेले माधव गाडगीळ देवाच्या नावाने राखलेली अशी रानं, म्हणजेच देवराया, समजून घ्यायला गावोगाव फिरले. १९७५-७६मध्ये देवरायांवरचे त्यांचे निबंध आले.

श्रीवर्धनजवळच्या गाणी गावाची देवराई तोडली जाणार होती. गावकऱ्यांनी या दोघांनाच साकडं घातलं, कारण गावचा झरा तिथूनच येतो! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पुढे गाडगीळांनी मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रांबरोबरही काम केलं, आणि १९८३मध्ये बंगळूरला परिसरशास्त्राचं केंद्र उभारलं.

तुमच्या गावच्या देवराईत काय नियम पाळतात? जरूर सांगा, प्रश्नही विचारा.